साडेपाचची फळी

३ मार्च, सोमवार

चिऊ,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र न वाचता टाकून द्यायचं झालं तरी एकदा हातात घ्यावं लागतं.

बातमी अशी की आजपासून मला आईच्या डेपोवर पाठवलं आहे. मोठ्या साहेबांनी मुख्य कार्यालयात बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमच्या डेपोला दुसरा माणूस मिळेल. बाईंचा डेपो परक्याच्या हाती द्यायला मन होत नाही. तुम्ही घरचेच." शिवाय एक लेखी काम दिलं. आपल्या कंपनीचे लिफ्ट दुरुस्तीचे चौदा डेपो आहेत, त्यांत गेली आठ वर्षं आईचा डेपो पहिला. इथे दुरुस्त केलेली लिफ्ट महिन्याभरात पुन्हा बंद पडणं फारच कमी. नोकरी सोडून कोणी जात नाही. हे कशामुळे, ते सहा आठवड्यांत लिहून द्यायचं, म्हणजे बाकीच्यांना तसं करता येईल. "बाहेरून तज्ज्ञ बोलावले होते," साहेब म्हणाले. "त्यांनी भिंतीवर बाण आणि वर्तुळं दाखवली. मला वर्तुळं नकोत. तुम्ही आत बसा, बघा आणि लिहा."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला सांगण्यासारखं कारण नव्हतं.

डेपो तू लहानपणी पाहिला आहेस. तसाच आहे. एक लांबट खोली, मागे सामानाची रॅक्स, पुढे तक्रारींच्या फोनचं टेबल. त्या टेबलावर हल्ली बसतात त्यांना सगळे ताई म्हणतात. आईही आधी अशाच टेबलावर बसायची, माझ्या डेपोत, माझ्याच हाताखाली. मुख्य मेकॅनिक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते अजून आहेत. ते माझ्याशी अगदी नीट बोलले. इतके नीट की दुसरं काही बोलायला जागा राहिली नाही.

आईच्या टेबलावरच्या काचेखाली दोन फोटो आहेत. एक तुझा, शाळेच्या गणवेशातला. दुसरा डेपोतल्या सगळ्यांचा, कुठल्याशा धरणावर काढलेला. माझा नाही. ही तक्रार नाही, फक्त काय काय आहे ते सांगतो आहे.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मामा तुला बाजूला घेऊन काही बोलले, ते मी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तू निघून गेलीस. ते काय म्हणाले असतील याचा मला अंदाज आहे. शेवटच्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांना आवरा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तुला हे माहीत असावं.

बाबा


९ मार्च, रविवार

चिऊ,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

इथे रोज संध्याकाळी साडेपाचला एक प्रकार चालतो. आईने घरी त्याचा उल्लेख केला होता, पण मी तेव्हा नीट ऐकलं नसावं. अहवालासाठी टिपून ठेवलं आहे, तसंच तुलाही सांगतो.

लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला आत विजेचा एक जोड असतो. दार नीट लागलं की तो जुळतो, आणि तेव्हाच लिफ्ट हलते. कुठल्या मजल्यावर बिघाड आहे हे शोधताना मेकॅनिक हातभर वायर लावून तो जोड तात्पुरता टाळतो. काम झालं की वायर काढायची. काढायला विसरलं, तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालू लागते. आमच्या धंद्यातली सगळ्यांत वाईट चूक हीच.

आईच्या डेपोत नऊ मेकॅनिक आहेत. प्रत्येकाला दोन लाल वायर, प्रत्येक वायरला नंबराचा पितळी बिल्ला. भिंतीवर फळी, तिला अठरा खुंट्या. साडेपाचला सगळे येतात आणि आपापल्या वायर खुंटीला लावतात. ताई चहा ओततात. मग प्रत्येकाने उभ्या उभ्या सांगायचं, आज आपलं काय चुकलं. फक्त आपलं, दुसऱ्याचं नाही. वायर कमी भरली, तर ज्याची कमी त्याने तसं म्हणायचं, आणि दोघा-दोघांनी चहा तसाच टाकून दिवसभराच्या सगळ्या लिफ्ट बघून यायच्या. "असं कसं केलंस?" असं कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याला ताई कप धुवायला लावतात.

सुरुवात मुख्य माणसाने करायची. आई अकरा वर्षं रोज पहिली बोलायची.

मंगळवारी सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी म्हणालो, "आज माझं काही चुकलं नाही."

मामा म्हणाले, "बरं झालं." मग त्यांनी आपलं सांगितलं. एका दवाखान्यातल्या लिफ्टचं ग्रीस त्यांनी दुसऱ्याच लिफ्टला भरलं होतं. प्रोफेसर म्हणून एक आहे, जाड चष्म्यामुळे ते नाव पडलंय. त्याने एका घरी जिना चुकून भलत्याच बाईंची बेल दाबून त्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं होतं. "त्या काय म्हणाल्या?" ताईंनी विचारलं. "म्हणाल्या, आलाच आहेस तर पंखा बघ." "बघितलास?" "बघितला ना. तोही बिघडवून आलो."

सगळे हसले. हसता हसता एकजण म्हणाला, "बाई असत्या तर म्हणाल्या असत्या..." आणि थांबला. मग सगळे माझ्याकडे बघून चहा प्यायला लागले.

ती काय म्हणाली असती, ते त्या नऊजणांना आणि ताईंना ठाऊक होतं. मी एकतीस वर्षं तिच्याबरोबर राहिलो. मला सुचलं नाही.

ही फळी मला नवीन नाही, हेही सांगून टाकतो. सहा वर्षांपूर्वी मीही माझ्या डेपोत अशीच लावली होती. आईला सांगितलं नव्हतं. तिची फळी साध्या लाकडाची होती, मी सागवानी करून घेतली. नियम कडक केला, की खुंटी रिकामी दिसली तर लेखी ताकीद. माझी फळी पहिल्या दिवसापासून रोज भरलेली असायची. आईचीच कधीमधी रिकामी राहायची.

बाबा


२१ मार्च, शुक्रवार

चिऊ,

अहवालासाठी कागद पाहत होतो. माझं आधीपासून मत होतं की आईच्या डेपोकडे नव्या इमारती आहेत, रस्ते सोपे आहेत, म्हणून आकडे चांगले. ते मत मी कंपनीत चार ठिकाणी बोलूनही दाखवलं होतं. कागद उलटं सांगतात. सगळ्यांत जुन्या लिफ्ट याच डेपोकडे आहेत. एकीला तर अजून सरकती जाळी आहे.

मग वाटलं, माणसं निवडून घेतली असतील. तेही नाही. मामा माझ्याच डेपोतून इथे आले होते. मीच त्यांना पाठवलं होतं, उद्धट म्हणून. प्रोफेसरला आणखी दोन डेपोंनी नाकारलं होतं.

मी केबिनमधून बघत बसतो. सकाळी नऊला तक्रारी वाटून देताना ताई आणि मामा भांडतात.

"हा पत्ता मला कशाला? लांब पडतो."

"लांब पडतो म्हणूनच. चाललात तर पोट जरा आत जाईल."

"माझ्या पोटाची काळजी माझ्या बायकोला करू दे."

"तिनेच फोन केला होता."

कामं मात्र दहा मिनिटांत वाटून होतात. कोणी माझ्याकडे येत नाही. माझ्या डेपोत सकाळभर केबिनबाहेर रांग असायची, आणि त्याला मी शिस्त समजत होतो.

साडेपाचचं मात्र बदललं आहे. मी रोज तेच म्हणतो, की माझं काही चुकलं नाही. खरंच चुकलेलं नसतं. मी दिवसभर केबिनमध्ये बसून असतो, चुकायला वाव कुठे आहे? दुसऱ्या आठवड्यात दोघातिघांनी "माझंही काही नाही" म्हणायला सुरुवात केली. या आठवड्यात एकट्या मामांनी काहीतरी सांगितलं. आज त्यांनीही नुसती मान हलवली. पाच मिनिटांत चहा पिऊन सगळे घरी. ताई कप गोळा करत होत्या. मी म्हटलं, "वेळ वाचला." त्या म्हणाल्या, "हो साहेब, वाचला."

मला वाईट वाटायला हवं होतं. तुझ्यापासून लपवून काय करू, मला थोडं बरं वाटलं. तिच्याशिवाय हे चालत नाही, याचं नव्हे. तिने उभं केलेलं काहीतरी शेवटी साधंच होतं, असं वाटून बरं वाटलं.

तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. आई फोनवर तक्रारी घ्यायची तेव्हा मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिफ्टचे विजेचे नकाशे वाचायला शिकवले. ती भराभर शिकली. तेव्हा रोज जेवताना ती सांगायची, आज मी अमुक तक्रार चुकीची लिहून घेतली, आज तमुक माणसाला चुकीच्या पत्त्यावर पाठवलं. मी तिला सांगायचो, कुठे चुकली, का चुकली आणि काय करायला हवं होतं. मुद्देसूद सांगायचो. काही महिन्यांनी ती सांगायची थांबली. मला वाटलं, आता चुका होत नाहीत.

तिला ऐकणारे दुसरे मिळाले होते, हे इथे येऊन कळलं.

बाबा


४ एप्रिल, शुक्रवार

चिऊ,

आज लिहायला उशीर करत नाही. काल काय झालं ते सांगतो.

एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडं असताना वर निघाली. एक शिक्षिका आत पाऊल टाकत होत्या. मागून त्यांच्या मुलीने त्यांची पर्स धरून त्यांना मागे ओढलं. पर्सचा बंद तुटला, पण तोपर्यंत त्या मागे आल्या होत्या. एका पायातला बूट खाली खड्ड्यात पडला. त्यांच्या गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. मुलगी तुझ्या वयाची असेल.

मामा आणि मी दोघे गेलो. दाराच्या जोडावर वायर तशीच लावलेली होती. लाल, हातभर, पण बिल्ला नसलेली. आदल्या दिवशी ती लिफ्ट प्रोफेसरने पाहिली होती.

परत येऊन फळी पाहिली. अठराच्या अठरा वायर जागेवर होत्या. प्रोफेसरच्या दुसऱ्या वायरचा बिल्ला हातात घेतला तर नंबर खिळ्याने कोरलेला. मूळ वायर त्याच्याकडून मागेच हरवली होती. त्याने घरी नवी बनवली, तिला खोटा बिल्ला लावला आणि ती फळीवर टांगली. कामावर मग जुनी, बिनबिल्ल्याची एक खिशात ठेवायचा. ती कुठे राहिली हे त्याला आठवायचं कारणच नव्हतं, कारण फळी रोज भरलेली दिसत होती.

हे मी पूर्वी पाहिलं आहे, चिऊ. माझ्या सागवानी फळीवर. तीन वर्षांपूर्वी माझ्या डेपोतलं कपाट हलवलं तेव्हा मागे खोट्या बिल्ल्यांची पिशवी सापडली. माझ्या माणसांनी ताकीद टाळायला जास्तीच्या वायर करून ठेवल्या होत्या. म्हणून माझी फळी कधी रिकामी दिसली नाही. ती पिशवी मी टाकून दिली आणि कुणाला काही बोललो नाही. आईला तर नाहीच.

तिच्या डेपोत अकरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मी आलो आणि एका महिन्यात झालं.

काल परत आल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं, "मुख्य व्यक्तीच्या माघारी या डेपोतली शिस्त ढासळली आहे." ते वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. चांगलं उतरलं होतं.

तेवढ्यात मामा आत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"प्रोफेसरला काढणार का, साहेब?"

"नियम आहे."

"काढा. मी त्याला विचारलं, अरे गाढवा, वायर हरवली तर सांगायचं नाहीस का? तो म्हणाला, सांगणार होतो. पण पहिलं कोण बोलणार? साहेबांचं तर काही चुकतच नाही. आपणच एकटे चुकणारे दिसायचं का?"

लिहिलेला कागद मी पालथा घातला.

"माझ्यापाशी याला उत्तर नव्हतं," मामा म्हणाले. "तुमच्यापाशी असेल तर त्याला सांगा. नसेल तर मग काढा."

ते गेल्यावर मी ते वाक्य खोडलं. दुसरं सुचलं नाही. दहा दिवसांची मुदत उरली आहे.

प्रोफेसरला काढलेलं नाही. ठेवलेलंही नाही. तो बाहेर बाकावर बसून असतो आणि ताई त्याला फोन उचलायला देतात.

बाबा


१२ एप्रिल, शनिवार

चिऊ,

मार्चमधल्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की डॉक्टरांनी भेटायला येणाऱ्यांना आवरायला सांगितलं. ते खोटं आहे. डॉक्टर म्हणाले होते, येऊ द्या लोकांना, त्यांना बरं वाटेल.

काल साडेपाचला सगळे जमले. वायर लावून झाल्या, चहा ओतला. रोजच्यासारखे सगळे माझ्या "काही नाही"ची वाट बघत होते, म्हणजे मग घरी जाता येईल. मी म्हणालो, "आज काही नाही. माझं चुकलं ते नोव्हेंबरमध्ये."

ताईंनी किटली खाली ठेवली.

मी सांगितलं ते जवळजवळ जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "बाई घरी होत्या तेव्हा तुम्ही सगळे आमच्या दारापर्यंत येत होता. कधी दोघे, कधी तिघे. मी डॉक्टरांचं नाव सांगून तुम्हाला परत पाठवत होतो. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मलाच नको होतं. तिची अकरा वर्षं तुम्हाला मिळाली होती. उरलेले दिवस तरी मला मिळावेत असं वाटलं. ती रोज संध्याकाळी विचारायची, डेपोतलं कोणी आलं नव्हतं का? मी म्हणायचो, नाही, कामात असतील. असं अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिने विचारलं नाही, पुढेही कधी नाही. मला वाटलं, तुम्हाला विसरली. मला त्याचं बरं वाटलं होतं."

"असं कसं केलंत?" असं विचारायची इथे पद्धतच नाही, पण त्यांचे चेहरे ते विचारत होते. प्रोफेसर बाकावरून उठून उभा राहिला होता. मला वाटलं, आता एकेक जण निघून जाईल. गेले असते तरी मी काही म्हटलं नसतं.

मग मामा म्हणाले, "आता माझं सांगतो. आम्ही आलो होतो."

"माहीत आहे. दारापर्यंत."

"आत आलो होतो, साहेब. म्हणजे ताई आत गेली. तुमचा बारावा दिवस म्हणता ना, तोच. गुरुवार होता. गुरुवारी दुपारी तुम्ही औषधं आणि रिपोर्ट आणायला जाता आणि समोरच्या काकूंकडे किल्ली असते, हे चिऊने कळवलं होतं. आम्हाला दारातून परत पाठवतात हे तिला सांगितल्यावर, फोन करून."

"चिऊने?" मी विचारलं.

"मी खाली होतो," मामा पुढे म्हणाले. "लिफ्ट बंद करून ठेवली होती. म्हटलं, साहेब लवकर आलेच तर सहा मजले चढतील, तेवढ्यात ही बाहेर पडेल."

"आणि तुम्ही आलातच लवकर," ताई म्हणाल्या. "मी काकूंच्या दारामागे उभी. तुम्हाला इतकी धाप लागली होती की काकू म्हणाल्या, पाणी नेऊन देऊ का? मी त्यांचा हात धरून ठेवला."

"संध्याकाळी साहेबांनी तक्रार नोंदवली होती," प्रोफेसर म्हणाला. "लिफ्ट बंद. तीसुद्धा ताईंनीच घेतली."

कुणाला तरी हसू आलं आणि ते त्याने चहात लपवलं. मलाही आठवलं. फोनवर मी म्हणालो होतो, बाईंच्याच डेपोचा हा कारभार. ताई म्हणाल्या होत्या, हो साहेब, लगेच माणूस पाठवते.

"आम्ही लपवलं," मामा म्हणाले. "पाच महिने. ते चुकलं."

मग मी ताईंना विचारलं, की मी तुम्हाला दारातून परत पाठवतो हे तुम्ही तिला सांगितलंत का?

ताई म्हणाल्या, "सांगायलाच गेले होते. मनातून चिडले होते मी तुमच्यावर. तर बाई म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे. बेल वाजलेली मला ऐकू येते, तुमचे आवाज ऐकू येतात. कान शाबूत आहेत माझे. मी म्हटलं, मग साहेबांना रोज विचारता कशाला, कोणी आलं होतं का म्हणून? तर म्हणाल्या, ते सांगतील म्हणून."

मी कप धुवायला मागच्या नळावर गेलो. कुणाला काही विचारलं म्हणून नव्हे. तिथे पाठ फिरवून उभं राहता येतं.

थोड्या वेळाने प्रोफेसर शेजारी येऊन उभा राहिला आणि धुतलेले कप पुसायला लागला. म्हणाला, "साहेब, माझी खरी वायर सापडत नाहीये. चौदा नंबर. कुठे राहिली ते मला आठवत नाही. सगळ्या लिफ्ट पुन्हा बघायला लागतील." वायर हरवल्याचं कळलं त्याच दिवशी करायला हवं होतं हे काम, महिन्याभराच्या सगळ्या लिफ्ट. आम्ही आज सकाळपासून दोघे-दोघे मिळून त्या बघायला लागलो आहोत. मी आणि मामा एका जोडीत. मामा माझ्याशी कामापुरतं बोलतात. चुकलं सांगून झालं म्हणजे सगळं मिटलं असं नसतं, आणि तसं मिटावं असं मला वाटतही नाही.

चिऊ, तुला तेव्हापासून ठाऊक होतं. अंत्यविधीला मामांनी तुला काही सांगितलं म्हणून तू गेलीस असं मी धरून बसलो होतो. तुला सांगण्यासारखं मामांकडे काही नव्हतंच. तुला ते आधीच माहीत होतं, आणि तू तीन दिवस घरात थांबली होतीस. त्या तीन दिवसांत तू मला दोनदा विचारलंस, "बाबा, शेवटी शेवटी आईला भेटायला कोण कोण येत होतं?" मी दोन्ही वेळा डॉक्टरांचं सांगितलं.

मी तिला दारात कोण आलं हे सांगितलं नाही, म्हणून तू गेली नाहीस. तू विचारलंस तरी सांगितलं नाही, म्हणून गेलीस. हे मला काल कळलं, साडेपाच वाजून गेल्यावर.

बाबा


१७ एप्रिल, गुरुवार

चिऊ,

चौदा नंबरची वायर मंगळवारी सापडली. एका कापड दुकानाच्या मालाच्या लिफ्टमध्ये, वरच्या मशीनच्या पेटीवर नुसती ठेवलेली. कुठे लावलेली नव्हती. संध्याकाळी प्रोफेसरने ती स्वतः खुंटीला लावली.

अहवाल आज दिला, मुदतीनंतर तीन दिवसांनी. पाच पानं मागितली होती, दीडच झालं. उत्तम काम करणारा डेपो कसा उभा करायचा हे मला माहीत नाही, असं लिहिलं. तो कसा मोडतो ते माहीत आहे, कारण मी तो मोडला आहे. कोणत्या दिवशी मी काय म्हणालो, कोणत्या दिवसापासून माणसं गप्प झाली आणि कोणत्या दिवशी दार उघडं असताना लिफ्ट चालली, हे तारखांसह उतरवलं. माझ्या जुन्या डेपोतली पिशवीही लिहिली. ही जागा ताईंना द्यावी अशी शिफारस केली. मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर वाचलं. म्हणाले, "हे बाकीच्या तेरा जणांना कसं दाखवू?" मी म्हटलं, तो तुमचा प्रश्न आहे. अशा स्वरात मी त्यांच्याशी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

मी परत माझ्या डेपोत जाणार. तिथली माणसं मला ओळखून आहेत, तेव्हा सोपं नाही.

निघताना आज ताईंना एकटं गाठून विचारलं, की त्या गुरुवारी ती आणखी काय बोलली? वीस मिनिटं तुम्ही आत होतात.

"काही विशेष नाही," ताई म्हणाल्या. "हसल्या खूप. मी घाबरले, म्हटलं ठसका लागेल."

"कशावर हसली?"

ताईंनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "ते आमचं आहे, साहेब." उद्धटपणे नाही. सांगायचं नसलेली गोष्ट जशी सरळ सांगतात तसं.

मी मान हलवली आणि जिना उतरून रस्त्यावर आलो. तिथून घरापर्यंत चालत आलो, कारण बसायची इच्छा नव्हती. शेवटचा पूर्ण महिना मी तिच्या उशाशी होतो. सकाळी तोंड पुसण्यापासून सगळं मी केलं. माझ्याजवळ ती एकदाही हसली नाही. ज्या बाईला मी पाच वेळा दारातून परत पाठवलं, तिच्याजवळ वीस मिनिटांत हसली. रस्ताभर मला त्याच ताईंचा राग येत होता, ज्यांना मी सकाळी बढती मिळावी म्हणून लिहून आलो. त्याला राग म्हणणं खरं नाही. तुझ्याशी तरी नीट शब्द वापरतो. तो मत्सर आहे, आणि एवढं सगळं बोलून झाल्यावरही तो जागचा हललेला नाही.

हे मी तिथे, फळीपुढे सांगणार नाही. ऐकून ते बिचारे करणार काय? तुला सांगतो आहे.

ती कशावर हसली हे तुला माहीत असेल तर मला सांगू नकोस. मला ते सोसणार नाही. पण तुलाही माहीत नसेल, तर त्या वीस मिनिटांच्या बाहेर राहिलेले आपण दोघेच आहोत. निदान तेवढ्यासाठी एकदा फोन उचल.

बाबा